तीन मिलिमीटर उजवीकडे

१

पोस्टमन मिलुतिनच्या कमरेतले सहाही स्क्रू तीन मिलिमीटर उजवीकडे बसले होते, आणि पोस्टमन स्वतः मात्र कॉरिडॉरमध्ये शीळ घालत फिरत होता. त्याला काही होत नव्हतं. होत होतं ते डॉक्टर आंजेल्कांना. मंगळवारी सकाळी त्यांनी त्याचा स्कॅन पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि मग मटकन खुर्चीत बसल्या.

तीन आठवड्यांतला हा चौथा रुग्ण. झ्लात्ना बान्याच्या हाडांच्या इस्पितळात रोबो आला त्यानंतर चार महिने एकही स्क्रू केसभर हलला नव्हता. गेल्या तीन आठवड्यांत नऊ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या पाच चोख होत्या आणि चार चुकलेल्या. चौघांनाही इजा झाली नव्हती, पण डाव्या बाजूचे स्क्रू नसांच्या नळीला चाटून गेले होते. आणखी थोडं सरकलं असतं तर पोस्टमनची सायकल कायमची भिंतीला टेकली असती.

"काय म्हणतोय आपला लोखंडी जावई?" दारातून आवाज आला. मुख्य सर्जन डॉ. वुकाशिन तिथे उभे होते. वय चौसष्ट, मिशा पांढऱ्या आणि हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. त्याच हातांनी त्यांनी तीस वर्षं स्क्रू बसवले होते. "त्याला उकडतं म्हणून थिएटर थंडगार केलं. गारव्याचं नवं यंत्र बसवलं. आम्ही दातखीळ बसून काम करतोय. आणि जावईबापू स्क्रू शेजारच्या गल्लीत घालतायत!"

"साहेब, रोबोचं काही चुकत नसावं. काहीतरी वेगळंच..."

"नाचता येईना, अंगण वाकडं." वुकाशिननी स्कॅनकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर मी जावयाची पाठवणी करतो."

"आणि इस्क्रा?"

इस्क्रा सोळा वर्षांची होती. तिचा कणा वेलीसारखा वळत गेला होता आणि बरगड्या एका फुप्फुसाला दाबत होत्या. येत्या सोमवारी तिच्या पाठीत अठरा स्क्रू बसायचे होते. स्क्रू मणक्याच्या ज्या देठातून जातो, तो देठ तिच्या मणक्यांत जेमतेम चार मिलिमीटर जाड होता. तिथे हाताचं काम नाही हे वुकाशिननीच कबूल केलं होतं. रोबो गेला तर परदेशातल्या इस्पितळाची वर्षभराची रांग होती, आणि त्या फुप्फुसाला वर्षभर थांबायला वेळ नव्हता.

आंजेल्कांनी फोन उचलला आणि वजन-मापं तपासणाऱ्या कचेरीत लावला.

२

बुधवारी सकाळी बसमधून पेर्सिदा लुकोवात्स उतरल्या, तशी कोपऱ्यावरच्या खाटकाने आपला तराजू घाईघाईने पुसायला घेतला. सत्तावीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातले तराजू, पेट्रोलचे पंप आणि खानावळीतले दारूचे पेले तपासले होते. त्यांना पाहून आनंदी होणारा माणूस त्यांना आजवर भेटला नव्हता. त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. बाई गोल, गुटगुटीत आणि अखंड बोलणाऱ्या होत्या, आणि लोक त्यांच्याशी बोलता बोलता नको ते सांगून बसत.

"रोबो कापतो का?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही हो," आंजेल्का म्हणाल्या. "तो नुसता हात धरतो. हे बघा. रुग्ण पालथा असतो. त्याच्या डाव्या कमरेच्या हाडात ही सळई रोवायची. तिच्या टोकाला ही चकचकीत गोळ्यांची चौकट. मग एक्स-रेने चित्र घ्यायचं. छतावरचा कॅमेरा चौकट बघत राहतो आणि त्यावरून रोबोला कळतं की कुठला मणका कुठे आहे. तो बरोबर जागेवर नळी धरतो आणि त्या नळीतून स्क्रू मी बसवते."

"म्हणजे ही चौकट त्याची खुंटी."

"खुंटी म्हणा."

पेर्सिदाबाईंनी पिशवीतून आपला पोलादी ठोकळा काढला आणि त्यावरच्या वीस बारीक भोकांवर रोबोला वीसदा नेम धरायला लावला. वीसच्या वीस नेम अचूक निघाले. त्यांनी थिएटर गरम करून पाहिलं, गार करून पाहिलं, कॅमेऱ्याला हलकी टपली मारून पाहिली. रोबो ढिम्म हलला नाही.

"चोर सोडून संन्याशाला सुळी देताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता ते चार स्कॅन दाखवा."

बराच वेळ त्या स्कॅन पाहत राहिल्या. माणसाचा हात घसरला की एक स्क्रू इकडे जातो, एक तिकडे. इथे एकेका रुग्णाचे सगळेच स्क्रू उजवीकडे गेले होते, जणू कुणी अख्खा नकाशाच सरकवला होता.

"पोरी, खोट्या तराजूत काटा क्वचितच खोटा असतो," पेर्सिदाबाई म्हणाल्या. "तराजू ज्याला टांगलाय ते हललेलं असतं. चित्र घेतल्यावर आणि पहिला स्क्रू बसायच्या आधी कुणीतरी तुमची ही चौकट हलवलीय. मधे किती वेळ जातो?"

"पाच-सात मिनिटं. आम्ही सगळे पडद्याकडे तोंड करून स्क्रूंच्या जागा ठरवत असतो."

"म्हणजे सगळ्यांच्या पाठी रुग्णाकडे."

आंजेल्कांचा चेहरा उतरला. त्या वेळी थिएटरात बाहेरचं कुणीच नसायचं. जे कुणी होतं, ते घरचंच होतं.

३

सिस्टर झोर्का सव्वीस वर्षं थिएटर सांभाळत होत्या आणि त्यांनी पेर्सिदाबाईंपुढे काळी कॉफी ठेवली तीच आदळून.

"रुग्णाला कुणीही हात लावला नाही. माझ्या थिएटरात न विचारता माशीसुद्धा बसत नाही!"

भूलतज्ज्ञ डॉ. ब्लागोये हे अंगाने काडी आणि मानेभोवती बाराही महिने मफलर. ते रुग्णाच्या डोक्याशी बसत. "हात? छे. मी समोरच असतो की. कुणी हात लावला नाही. पण बाई, त्या नव्या यंत्राचा झोत बघितलात का? थेट मानेवर! या झोताने माझे आजोबा गेले."

"झोताने?"

"नव्वद वर्षांचे होते. पण झोतानेच गेले."

वुकाशिननी पेर्सिदाबाईंना उभ्याउभ्याच उत्तर दिलं. "मी रोज डोकावतो. पाच मिनिटं. माझं इस्पितळ आहे. हात धुतलेले नसतात, म्हणून कशाला शिवत नाही. लिहून घ्या."

"रोबो तुम्हाला आवडत नाही म्हणे."

"नाही आवडत. त्याच्याशी गप्पा मारता येत नाहीत." ते खिडकीकडे वळले. "पण त्या पोरीसाठी मीच तो मागवला होता, हेही लिहून घ्या."

पेर्सिदाबाईंनी काहीच लिहिलं नाही. तिघंही खरं बोलत होते, याची त्यांना खात्री पटली होती आणि त्यामुळेच त्या वैतागल्या. खोटं बोलणारा सापडला की काम निम्मं होतं. इथे सगळेच खरे, आणि चौकट तर हललेली.

४

गुरुवारी त्या वॉर्डात गेल्या. नऊही रुग्ण अजून तिथेच होते. कंबर दुरुस्त झाली की गरम झऱ्यांच्या पाण्यात व्यायाम करून मगच घरी, अशी तिथली पद्धत. नऊ जणांशी बोलायचं म्हणजे नऊ कप कॉफी आणि नऊ घरांच्या भानगडी. पेर्सिदाबाई खुशीत होत्या.

"जाग आली तेव्हा कसं वाटलं?" त्या प्रत्येकाला विचारत होत्या.

"कसं वाटणार? गोठलो!" अंगाने दारात न मावणारा बेकरीवाला ओरडला. "कंबर बर्फ झाली होती. माझी बायको म्हणते, मूत्रपिंडं गारठली असणार. तिने लगेच लोकरीचा पट्टा आणून बांधला."

ट्रकवाला तेच म्हणाला. शाळेची जाडजूड मुख्याध्यापिका तेच म्हणाली. चोख स्क्रूवाले पाचही जण कुडकुडत उठले होते.

पोस्टमन मिलुतिन मात्र हसला. "मी? मस्त. आजीच्या चुलीपुढे झोपल्यासारखं. कंबर अशी शेकल्यासारखी ऊबदार!"

चुकलेल्या स्क्रूंचे बाकी तिघे होते मधमाश्या पाळणारा म्हातारा, लोकनृत्य शिकवणारी बाई आणि एक शिंपी. तिघांनीही तेच सांगितलं. आणि चौघंही काटकुळे होते. पोस्टमनच्या तर बरगड्या मोजता येत होत्या.

पेर्सिदाबाई जिन्यातच थांबल्या. अंगावर चरबी असलेले कुडकुडतात आणि हाडांचे सापळे ऊबेत? हे तर उलटंच झालं.

तेवढ्यात आंजेल्का धावत आल्या. त्यांच्या हातात कागद होते आणि चेहरा पांढरा पडला होता.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "चुकलेले चौघंही बारीक आहेत. चरबी कमी असली की रोबो चुकतो. एवढंच कारण आहे. मावशी, इस्क्राचं वजन एकोणचाळीस किलो आहे."

५

इस्क्राच्या खोलीत आई सावेता खिडकीशी भरतकाम करत होती, पण सुई बराच वेळ एकाच जागी अडली होती. इस्क्रा पलंगावर एका कुशीवर रेलून बसली होती. दुसरी कूस तिला जमत नसे, दम लागे.

"तुम्ही त्या मापवाल्या बाई ना?" ती म्हणाली. "सगळे म्हणतात तुम्ही रोबोला अटक करणार."

"पुरावा नाही गं अजून."

"मग करू नका. मला सरळ व्हायचंय." तिने थांबून श्वास घेतला. "शाळेत मला प्रश्नचिन्ह म्हणतात. मला राग नाही येत, चांगलं आहे ते नाव. पण जिना चढताना मधेच बसावं लागतं, तो खरा वैताग."

पेर्सिदाबाईंनी पुढे वाकून पोरीची पाठीवर सरकलेली बंडी ओढून खाली केली आणि कमरेभोवती चादर नीट खोचली. कंबर उघडी राहिलेली त्यांना बघवेना.

इस्क्रा खुदकन हसली. "तुम्ही पण!"

"काय मी पण?"

"इथे आल्यापासून जो येतो तो माझी कंबर झाकतो. झाडूवाली मावशी, सिस्टर, जेवण देणारी काकू, मोठे डॉक्टर. मोजत होते मी, तुम्ही चौदाव्या. कुणाला कळतसुद्धा नाही आपण काय केलं ते. मी जाडी असते तर कुणी बघितलं नसतं."

पेर्सिदाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. चादरीचं टोक अजून त्यांच्या मुठीत होतं. मग उठल्या, इस्क्राच्या दोन्ही गालांचे आणि पुन्हा पहिल्या गालाचे मुके घेतले आणि थेट आंजेल्कांच्या खोलीत गेल्या.

"नवं गारव्याचं यंत्र बसायच्या आधी, त्या चार महिन्यांत, कुणी बारीक रुग्ण होते का?"

आंजेल्कांनी यादी चाळली. "अकरा. सगळे चोख." त्यांची मान वर आली. "अकराही चोख!"

"मग चरबीचा दोष नाही. उद्या दहा वाजता सगळ्यांना थिएटरात बोलवा. आणि मला पाठ उघडी टाकून झोपायला एक माणूस हवा. बारीक, अगदी काडी."

दोघींना एकच नाव सुचलं.

६

"मी मरणार," ब्लागोये म्हणाले. शुक्रवारचे दहा वाजले होते. ते टेबलावर पालथे पडले होते. मफलर काढायला त्यांनी साफ नकार दिला होता, पण पाठ उघडी होती. तिच्यावर शाईचे सात ठिपके होते. "झोत थेट मणक्यावर येतोय. माझ्या आजोबांनाही असंच..."

"गप पडा, रुग्ण बोलत नसतो," झोर्का म्हणाल्या. त्यांना मजा येऊ लागली होती.

माणसाच्या हाडात सळई रोवायची नव्हती, म्हणून पेर्सिदाबाईंनी एक लाकडी ठोकळा ब्लागोयेंच्या डाव्या कमरेला पट्ट्याने बांधून त्यावर सळई आणि चौकट बसवली होती. वरून नेहमीसारखी हिरवी कापडं टाकली. एक्स-रेऐवजी आंजेल्कांनी रोबोला सातही ठिपके एकेक करून दाखवले. हात फिरला आणि त्याने चौथ्या ठिपक्यावर बरोबर मधोमध टोक टेकवलं.

"आता सगळं रोजच्यासारखं," पेर्सिदाबाई म्हणाल्या. "स्क्रूंच्या जागा ठरवा. डॉ. वुकाशिन, तुम्ही नेहमीच्या वेळी डोकावा. दहा वाजून वीसला मी पुन्हा नेम तपासते."

सगळे पडद्याकडे वळले. यंत्र घोंघावत होतं. दार उघडलं, वुकाशिन आत आले, कुणाशी न बोलता इकडे तिकडे फिरले, पडद्याकडे बघून "हं" म्हणाले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. पेर्सिदाबाई पडद्यातच डोकं घालून होत्या. मागे वळून पाहण्याची त्यांना गरजच वाटली नाही.

"वेळ झाली. चौथा ठिपका."

हात फिरला, खाली आला आणि ठिपक्याच्या शेजारी टेकला. झोर्कांनी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. आंजेल्कांनी पट्टी धरली. तीन मिलिमीटर उजवीकडे.

"बघा!" वुकाशिन गरजले. "डोळ्यांदेखत चुकला!"

"बघितलं," पेर्सिदाबाई म्हणाल्या. "आता मला सांगा. गेल्या पाच-सात मिनिटांत रुग्णाला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही," झोर्का म्हणाल्या.

"मी तर नुसता उभा होतो," वुकाशिन म्हणाले.

"कुणी नाही," टेबलावरून ब्लागोयेंनीही ग्वाही दिली.

पेर्सिदाबाईंनी डाव्या बाजूला लोंबणारं कापड वर उचललं. आत, ब्लागोयेंच्या कमरेला खेटून, चादरी गरम ठेवायच्या कपाटातली एक चादर होती. घडी घालून, व्यवस्थित खोचलेली. घडीचं टोक सळईला लागलं होतं आणि चौकटीचा सांधा तेवढाच लवला होता.

"मग ही कुणाची?"

"ती होय?" ब्लागोये म्हणाले. "ती साहेबांनी खोचली. बरं वाटलं हो, जीव आला. पण हात कुठे लावला त्यांनी?"

वुकाशिननी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"मी?" ते म्हणाले. "मी ही आत्ता... मीच?"

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," पेर्सिदाबाई म्हणाल्या. "कुणीच बोललं नाही. आपल्याकडे कुणाची उघडी कंबर झाकणं म्हणजे हात लावणं नव्हे. ते कुणाच्या लक्षातसुद्धा राहत नाही. काल मीही केलं आणि त्या पोरीने हसून मला पकडलं. पूर्वी थिएटर ऊबदार होतं, तेव्हा बारीक रुग्णांचंही काही बिघडलं नाही. थंडी आली आणि तुमचा हात चालू लागला. बेकरीवाल्याची कंबर बघून कुणाला दया येणार? तो कुडकुडला आणि त्याचे स्क्रू चोख बसले. पोस्टमनच्या बरगड्या दिसल्या की तुमच्याने राहवलं नाही. तो ऊबेत झोपला आणि त्याची चौकट हलली. जाडे कुडकुडत उठले आणि काटकुळे ऊबेत, तिथेच उत्तर होतं. मलाच थोडं उशिरा दिसलं."

वुकाशिन स्टुलावर बसले. एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसू लागला. "चौघांच्या पाठीत मी... आणि तीन आठवडे त्याला शिव्या देत होतो." ते फार हळू बोलले. "सोमवारी त्या पोरीलाही मी झाकलं असतं. तिला तर नक्कीच झाकलं असतं."

हे खरं होतं आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"दोष माझाही आहे," आंजेल्का म्हणाल्या. "दर स्क्रूआधी हाडावरच्या ओळखीच्या जागेवर टोक टेकवून चौकट तपासायची असते. पहिले चार महिने मी ते करत होते. मग इतका विश्वास बसला की सोडून दिलं."

"मी उठू का?" ब्लागोयेंनी विचारलं. "की चादर परत मिळेल?"

आधी झोर्का हसल्या, मग आंजेल्का, आणि सगळ्यांत शेवटी वुकाशिन. हसताना त्यांचे डोळे ओले झाले, ते त्यांनी बाहीने सगळ्यांदेखत पुसले. मग घड्याळाकडे पाहिलं. बाराला अजून दीड तास होता.

"पाठवणी रद्द," ते म्हणाले. "झोर्का, रुग्णाच्या अंगाखाली घालायची ती गरम हवेची गादी मागवा. आजच. खालून ऊब द्या, वरून कुणी काही खोचायचं नाही. मीसुद्धा."

७

सोमवारी सात तास लागले. पेर्सिदाबाईंना राहण्याचं काही कारण नव्हतं, तरी त्या राहिल्या. बाहेरच्या बाकावर सावेताचा हात हातात घेऊन बसल्या आणि सात तासांत एक शब्दही बोलल्या नाहीत. आत वुकाशिन हात पाठीमागे घट्ट बांधून उभे होते. दर स्क्रूआधी ते खेकसत, "तपासलं का?" आणि आंजेल्का न कंटाळता अठराही वेळा म्हणाल्या, "तपासलं, साहेब."

स्कॅन आला तेव्हा वुकाशिन तो स्वतः घेऊन बाकाशी आले. "अठरा," ते म्हणाले. "अठराही देठांच्या आत." मग ते सावेताच्या शेजारी बसले.

बुधवारी सकाळी इस्क्राला उभं केलं. एका बाजूला झोर्का, एका बाजूला आंजेल्का. पोरगी पलंगाच्या कडेला धरून हळूहळू वर आली, थांबली, आणि अजून वर आली. तिने एक खोल श्वास घेतला, मग खात्री करायला आणखी एक घेतला.

"दोन्हीकडे जातोय," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंना!"

सावेता धावली. इतकी वर्षं मुका घ्यायला तिला वाकावं लागत होतं, म्हणून ती सवयीने वाकली आणि तिचं कपाळ मुलीच्या खांद्यावर आपटलं. गाल जिथे असायचा तिथे तो नव्हता. तिने वर पाहिलं. मग दोन्ही हातांनी मुलीचा चेहरा धरायला ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी थोडी कमीच पडली आणि रडू लागली.

"आई, रडतेस काय," इस्क्रा म्हणाली. "आधी पोचून तर दाखव."